मांजराला दाणे द्यावेत की पाऊच? पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांसाठी

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आमचा बोका गुंड्या लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या, टबात पाठीला बाक काढून बसला होता. दोन मिनिटांनी बाहेर आला, खोलीत एक चक्कर मारली आणि पुन्हा टबात जाऊन बसला. लिटर कोरडी ठणठणीत. मला वाटलं पोट साफ होत नसेल, म्हणून कोमट दूध पुढे केलं. त्याने तोंड फिरवलं. सकाळी तो पलंगाखाली शिरून बसला होता आणि पोटाला हात लावला की कण्हत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "मूत्राशय दगडासारखं लागतंय. लघवी अडकलीय." भूल देऊन नळी घालावी लागली, तीन दिवस सलाइन चाललं. गुंड्या वाचला.

नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "हा दिवसाला पाणी किती पितो?" मला सांगता येईना. वाटी भरलेली असते, एवढंच मला ठाऊक होतं. तीन वर्षं तो नुसत्या दाण्यांवर, म्हणजे पाकिटातल्या कोरड्या खाण्यावर होता. दाण्यांमुळेच हे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वाढलेलं वजन, दिवसभर घरात बसून राहणं, ताण, कमी पाणी अशी बरीच कारणं एकत्र येतात, हे त्यांनी नीट समजावलं. पण त्यातली खाण्यापिण्याची बाजू माझ्या हातात होती आणि मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

घरात नवं पिल्लू आलं की पहिला प्रश्न असतो दाणे की पाऊच, म्हणजे कोरडं खाणं की छोट्या पाकिटातलं ओलं. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरं, मोबाइलवर तिसरंच वाचायला मिळतं. माझ्या मते खरे प्रश्न दोन आहेत. या मांजराच्या पोटात दिवसभरात पाणी कुठून जाणार? आणि जे खाणं देताय ते पूर्ण आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दाणे किती आणि पाऊच किती हे आपोआप ठरतं. मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने खाली लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा, ग्रॅममध्ये मोजणारा
- माणसांचा वजनकाटा. मांजराला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा
- पसरट बशा दोन, पाण्याची भांडी निदान दोन. प्लास्टिकपेक्षा स्टील किंवा चिनी माती बरी
- घट्ट झाकणाचा डबा
- मांजराचं लसीकरणाचं कार्ड
- एक वही. वजन, खाणं आणि लिटरमधल्या लघवीच्या गोळ्यांची संख्या यात लिहायची

लघवीचे गोळे मोजायचे हे वाचून विचित्र वाटेल. पण गुंड्याच्या आजारपणानंतर मला सगळ्यात उपयोगी पडलेली सवय हीच. गोळे होणारी लिटर वापरत असाल तर रोज साधारण किती आणि केवढे गोळे निघतात हे आठवड्याभरात लक्षात येतं. त्यात अचानक बदल झाला तर तो दुसऱ्या कशाहीआधी तिथे दिसतो.

१. आपलं मांजर नीट पाहून घ्या

वय, वजन, नसबंदी झाली आहे का आणि काही आजार आहे का, या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पिल्लू असेल तर त्याला साधारण वर्षभराचं होईपर्यंत पिल्लांचंच खाणं द्या, आणि हात आखडू नका. पोट लहान असतं, त्यामुळे थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा. या वयात दाणे आणि पाऊच दोन्हींची चव आणि पोत ओळखीचा करून द्या. लहानपणी फक्त दाणे खाल्लेलं मांजर मोठेपणी ओल्या खाण्याला तोंडही लावत नाही, असं पुष्कळदा होतं. पुढे कधी आजारपणात ओलं खाणं द्यायची वेळ आली की हा हट्ट फार महागात पडतो.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज मात्र कमी होते. फ्लॅटमधली बहुतेक मांजरं याच काळात फुगतात. वजन योग्य आहे का हे पाहायची सोपी रीत अशी: हाताची मूठ वळा आणि सांध्यांवरून बोट फिरवा. मांजराच्या बरगड्या तशा टोचल्या तर ते हडकलं आहे. आता मूठ उघडून हाताची मागची बाजू चाचपा. हाडं जाणवतात पण वर थोडं मांस आहे, असं लागलं तर उत्तम. बरगड्या शोधण्यासाठी बोटं दाबावी लागत असतील तर वजन जास्त झालंय.

२. पाण्याचा हिशोब करा

पाळीव मांजराचे पूर्वज वाळवंटी, कोरड्या मुलखातले. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळायचं. उंदराच्या अंगात जवळजवळ ७० टक्के पाणी असतं. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी दाट असते. पाण्याची वाटी समोर असली तरी कोरडं खाणारं मांजर तूट पूर्ण भरून काढत नाही. दाणे खाणाऱ्या मांजराच्या पोटात दिवसभरात जाणारं एकूण पाणी ओलं खाणाऱ्यापेक्षा कमीच भरतं.

आता आकडे बघू. ४ किलोच्या मांजराला सगळं मिळून दिवसाला साधारण २०० मिली पाणी हवं. दाण्यांमध्ये पाणी असतं ८ ते १० टक्के, पाऊचमध्ये ७५ ते ८२ टक्के. दिवसाचे ६५ ग्रॅम दाणे खाल्ले तर त्यातून मिळालं जेमतेम ६ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर थोडंसं. बाकीचं सगळं त्याने वाटीतून प्यायला हवं. ८० ग्रॅमचा एक पाऊच दिला की त्यातूनच सुमारे ६५ मिली जातं. दोन पाऊच दिले तर १३०. उरलेलं ते आरामात पितं.

हे गणित मी वहीत मांडलं त्या दिवशी माझ्यापुरता वाद मिटला. बोका असेल, घरातच राहत असेल आणि वजन थोडं जास्त असेल, तर निदान एक वेळ तरी ओलं खाणं द्याच. बोक्याचा मूत्रमार्ग भाटीपेक्षा अरुंद असतो, म्हणून लघवी पूर्ण अडकण्याचा धोका त्याला अधिक.

पाण्याची भांडी खाण्याच्या बशीला आणि लिटरला चिकटून ठेवू नका. आमच्याकडे एक भांडं हॉलच्या खिडकीपाशी आहे आणि एक शयनघरात. जेवणाच्या बशीशेजारच्या वाटीतलं पाणी गुंड्या जेमतेम चाटायचा, खिडकीपाशी मात्र दिवसातून चार-पाच वेळा जातो. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी छोटं कारंजं मिळतं. ते रोज धुवायची तयारी असेल तरच घ्या.

३. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला गुबगुबीत मांजर, मासा आणि मोठी अक्षरं असतात. आपल्या कामाची बाजू मागची.

पहिल्यांदा एक शब्द शोधा: 'कम्प्लीट', किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड'. म्हणजे नुसत्या या खाण्यावर मांजर जगू शकतं. त्याच्याऐवजी 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'सप्लिमेंटल' असेल, तर ते वरखाणं आहे. नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. जेलीतल्या ट्यूनाचे काही सुंदर डबे आणि ट्यूबमधली ती मऊ पेस्ट, जी मांजरं जीभ लांब करकरून चाटतात, यातलं पुष्कळसं कॉम्प्लिमेंटरी असतं. तेच मुख्य जेवण म्हणून महिनोन् महिने दिलं तर मांजर पोटभर खाऊनही उपाशी राहतं.

या शब्दाशेजारी वयोगट दिलेला असतो: 'ग्रोथ' पिल्लांसाठी, 'ॲडल्ट मेंटेनन्स' मोठ्यांसाठी, 'ऑल लाइफ स्टेजेस' सगळ्यांसाठी. बऱ्याच पाकिटांवर अमेरिकेच्या 'एएएफसीओ' किंवा युरोपच्या 'फेडियाफ' या संस्थांच्या मानकांचा उल्लेख असतो. तो असेल तर चांगलं.

मग टॉरिन आहे का ते बघा. हे अमायनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये दाखवलं गेलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियोन आणि सहकाऱ्यांनी टॉरिनच्या कमतरतेमुळे मांजरांचं हृदय मोठं आणि कमजोर होतं हे सिद्ध केलं. ती मांजरं बाजारातलं तयार खाणंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आज एएएफसीओच्या मानकात कोरड्या खाण्यासाठी किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाण्यासाठी ०.२ टक्के टॉरिन मागितलं आहे, तेही पाणी वगळून उरलेल्या भागात.

हा 'पाणी वगळून' प्रकार प्रथिनांसाठीही लागतो. दुकानात उभं राहून मी एकदा हिरमुसले होते, कारण पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि दाण्यांवर ३२ टक्के लिहिलेली. वाटलं, पाऊच म्हणजे नुसतं पाणी विकतात. घरी येऊन हिशोब केला. पाऊचमध्ये पाणी ८२ टक्के, म्हणजे उरलेला ऐवज १८. त्या १८ पैकी ८ प्रथिनं. ८ भागिले १८, गुणिले १००, म्हणजे सुमारे ४४ टक्के. दाण्यांमध्ये पाणी १०, उरलेले ९०, ३२ भागिले ९०, म्हणजे साडेपस्तीस. पाऊच पुढे निघाला. मोठ्या मांजराला पाणी वगळून किमान २६ टक्के आणि पिल्लाला ३० टक्के प्रथिनं असावीत असं एएएफसीओचं मानक आहे, त्यामुळे दोन्ही पाकिटं त्यात बसतात. पण पाकिटावरचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दाण्यांमध्ये पिष्ट जास्त असतं, कारण दाण्याला आकार आणि कुरकुरीतपणा येण्यासाठी ते लागतंच. निरोगी मांजर ते पचवतं. मधुमेह झालेल्या मांजराचं मात्र डॉक्टर बहुधा कमी पिष्टाच्या ओल्या खाण्यावर भागवायला सांगतात.

४. किती द्यायचं ते ग्रॅममध्ये ठरवा

नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी ढोबळमानाने अशा:

- ३ किलो: १९०
- ४ किलो: २४०
- ५ किलो: २८०

वजन जास्त असेल तर आत्ताच्या नव्हे, योग्य वजनाच्या हिशोबाने द्या. दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, ८० ग्रॅमच्या ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्ये ६० ते ७५. नेमका आकडा पाकिटावर असेल तर तोच धरा.

दाण्यांच्या बाबतीत वाटीने मोजू नका. मी पूर्वी 'अर्धी वाटी' द्यायचे. काट्यावर ठेवून पाहिलं तर कधी ४५ ग्रॅम, कधी ६०. १५ ग्रॅमचा फरक म्हणजे ५५ कॅलरी, म्हणजे जवळजवळ एक पाऊच रोज जादा! सकाळीच दिवसाचे दाणे मोजून एका डबीत काढून ठेवा. घरातल्या कोणीही द्यायचे ते त्या डबीतूनच. आजी-आजोबा आणि मुलं असलेल्या घरात हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा, कारण मांजर प्रत्येकाकडे जाऊन आपण उपाशी असल्याचं सांगतं.

५. खिशाला परवडेल असं मिश्रण बसवा

मी ज्या दुकानातून घेते तिथे मध्यम दर्जाचे दाणे ४०० रुपये किलो आणि ८० ग्रॅमचा पाऊच ४५ रुपयांना पडतो. तुमच्याकडे दर वेगळे असतील, पण प्रमाण लक्षात येईल. ४ किलोच्या मांजराला:

- नुसते दाणे, ६५ ग्रॅम: रोज २६ रुपये, महिन्याला ७८० च्या आसपास
- एक पाऊच आणि ४७ ग्रॅम दाणे: रोज ६४, महिन्याला सुमारे १,९००
- दोन पाऊच आणि ३० ग्रॅम दाणे: रोज १०२, महिन्याला ३,००० च्या वर
- नुसते पाऊच, जवळजवळ चार: रोज १८०, महिन्याला ५,४००

बहुतेक घरांना मी दुसरा पर्याय सुचवते. सकाळी अर्धा पाऊच, रात्री अर्धा, दाणे मधल्या वेळांत. कामावर जाणाऱ्यांसाठी दाण्यांचा मोठा फायदा हा की दुपारभर बशीत राहिले तरी बिघडत नाहीत. गुंड्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तिसऱ्या पर्यायावर ठेवलं आहे.

नुसते दाणेच परवडत असतील तर अजिबात मन छोटं करू नका. चांगले, कम्प्लीट लिहिलेले दाणे खाऊन असंख्य मांजरं धडधाकट आयुष्य जगतात. एका वेळच्या दाण्यांवर कोमट पाणी घाला, पाच-दहा मिनिटं भिजू द्या आणि मग द्या. तासाभरात खाल्लं नाही तर टाकून द्या. कधी चिकन उकडलंत तर मीठ, कांदा, लसूण घालण्याआधीचं पाणी दोन चमचे वर घाला. पाणी पोटात जाण्याशी मतलब.

६. बदल सावकाश करा

आज दाणे आणि उद्यापासून पाऊच असं केलंत तर जुलाब तरी होतील किंवा मांजर बशीकडे पाठ तरी फिरवेल. ७ ते १० दिवस धरा. पहिले दोन-तीन दिवस नवं खाणं पाव हिस्सा, मग अर्धं, मग पाऊण.

गुंड्याचं पहिल्या पाऊचला काय झालं ते सांगते. बशी ठेवली. त्याने वास घेतला, ग्रेव्ही चाटून पुसून साफ केली आणि मांसाचे तुकडे जसेच्या तसे कडेला राहिले, धुतल्यासारखे. तीन दिवस हेच. मग मी तुकडे काट्याने कुस्करले, ग्रेव्हीत कालवले आणि वर त्याचे ओळखीचे पाच-सहा दाणे चुरून टाकले. चौथ्या दिवशी बशी रिकामी झाली. फ्रीजमधला पाऊच तसाच थंडगार देऊ नका, मांजराला वास आल्याशिवाय भूक लागत नाही. बंद पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, हाताला कोमट लागला की पुरे. पाऊच मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, त्यात धातूचा पापुद्रा असतो.

आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. 'भूक लागली की खाईल' हे मांजराला लागू नाही. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करा. पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नका.

७. आपली हवा लक्षात घ्या

कोकणात आणि मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यात दाणे दोन दिवसांत मऊ पडतात. बुरशी नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही. म्हणून जून ते सप्टेंबर छोटं पाकीट घ्या, जे महिन्याभरात संपेल. दाणे सरळ डब्यात ओतण्याऐवजी पाकिटासकट डब्यात ठेवा. तारीख आणि बॅच नंबरही जपला जातो, आणि डब्याच्या कडेला जुनं तेल साचून खवट वास येत नाही.

ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभराच्या वर बशीत राहू देऊ नका. उघडलेला पाऊच झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

मुंग्यांसाठी खडू किंवा फवारा बशीजवळ मारू नका. परातीत थोडं पाणी घालून त्यात बशी ठेवली की काम होतं.

८. इथे हमखास पाय घसरतो

दूध-पोळी, दूध-भात. माझ्या आजोळी वाड्यात मांजरं यावरच वाढली, हे मी स्वतः पाहिलंय, आणि तुमच्याही घरी कोणीतरी हे सांगेलच. पण ती मांजरं दिवसभर कोठीत आणि परसात उंदीर, पाली, चिमण्या मारत होती. खरं जेवण ते होतं. दुधाची वाटी ही वरची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मांजराला तुम्ही जे बशीत घालाल तेवढंच जग आहे. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

शाकाहारी घर. माझं सासर शाकाहारी आहे, त्यामुळे ही अडचण मी जवळून पाहिली आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिनसारखंच तयार 'अ' जीवनसत्त्व त्याला प्राणिज अन्नातूनच लागतं, गाजरातलं त्याला वापरता येत नाही. दही-भात, पनीर, अंडं यावर त्याचं भागणार नाही. आमच्याकडे सासूबाईंशी बोलून तोडगा निघाला: मांजराच्या बशा वेगळ्या, त्या धुवायची घासणी वेगळी, आणि खाणं बाल्कनीत. दाण्यांना वास कमी, हाताळणं सोपं, म्हणून सुरुवात दाण्यांनी केली. पाऊच पुढे सगळ्यांच्या सवयीचा झाला. तुमच्या घरी हे जमणारच नसेल, तर मांजर आणण्याआधी त्याचा विचार करा, ही माझी कळकळीची विनंती.

नुसतं उकडलेलं चिकन. प्रेमाने केली जाणारी ही चूक. मांसात कॅल्शियम नगण्य असतं. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने फक्त चिकन दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, हाडं ठिसूळ होतात आणि साध्या उडीने मोडतात. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत वरखाणं म्हणून द्या. घरचंच शिजवून घालायचं असेल तर प्राण्यांच्या आहाराची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून पाककृती लिहून घ्या.

मासळी. बाजारातून आणलेली कच्ची मासळी रोज देऊ नका. काही माशांत 'ब१' जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. सुकट आणि खारवलेल्या बोंबलात मीठ भरपूर. शिजवलेले काटेही नकोत.

सुटे दाणे. काही दुकानांत मोठं पोतं फोडून किलो-किलोच्या पिशव्या बांधून विकतात. स्वस्त पडतं. पण कंपनी कोणती, तारीख कोणती, पोतं कधी फोडलं, काहीच कळत नाही. घेऊ नका.

कुत्र्याचं खाणं. घरात दोघं असतील तर मांजर कधीतरी तोंड घालणार, हरकत नाही. रोजचं जेवण म्हणून नको, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असण्याची खात्री नसते.

दाण्यांनी दात साफ होतात. दुकानात हे ठासून सांगतात. साधा दाणा दात लागताच फुटतो, त्याने दात घासले जात नाहीत. दातांसाठी मुद्दाम बनवलेले मोठे दाणे वेगळे. मांजरांच्या पेस्टने ब्रश करायची सवय पिल्लूपणी लावा.

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, पावडर, रश्शातला, कसाही. मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या घरी फोडणीशिवाय काही शिजत नाही, म्हणून आपल्या ताटातलं काहीच देऊ नका, हा सोपा नियम.

९. डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

वर्षातून एकदा वजन आणि तपासणी, आणि सात-आठ वर्षांनंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्त आणि लघवी. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार वारंवार दिसतो. मांजर एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं तर ते चांगलं लक्षण समजू नका, दाखवून घ्या. 'युरिनरी' किंवा 'रीनल' लिहिलेलं खास खाणं आपल्या मनाने सुरू करू नका. लघवीतले खडे वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि एका प्रकाराला चालणारं खाणं दुसऱ्याला चालत नाही.

जाताना वही, लसीकरणाचं कार्ड आणि सध्याच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो न्या. 'काय खातो?' या प्रश्नाला 'दाणे' एवढंच उत्तर डॉक्टरांच्या फारसं उपयोगाचं नसतं. कोणते, किती ग्रॅम, सोबत काय, पाणी किती, हे सांगता आलं पाहिजे. पाणी मोजायचं असेल तर सकाळी २५० मिली मोजून ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. थोडं वाफेने उडतं, चालेल.

मांजर पुन्हा पुन्हा टबात जाऊन बसतंय, कुंथतंय, लघवीचा थेंब येत नाही किंवा रक्त दिसतंय, मागची जागा सारखी चाटतंय, ओरडतंय, उलटी करतंय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोका असेल तर मुळीच नाही. लघवी पूर्ण अडकली तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय थांबू शकतं, एक-दोन दिवसांत. त्या रात्री मी दूध पुढे केलं आणि झोपायला गेले. आमच्या भागातल्या रात्री उघड्या असणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर आता फ्रीजच्या दारावर लावलेले आहेत. तुमच्या भागातले आजच शोधून लिहून ठेवा, आणि मांजराला न्यायची पेटी माळ्यावर न टाकता हाताशी ठेवा.